आबांची दुसरी सुई घ्यायची का?

पत्र: ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. माझे सासरे, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, वय 67. आठ महिन्यांपूर्वी ट्रॅक्टरवरून उतरताना त्यांचा उजवा घोटा मोडला. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण पाऊल सारखं जळतं, निळसर पडतं, गार लागतं. चादर लागली तरी ओरडतात. मिरजेच्या पेन क्लिनिकमध्ये हा सीआरपीएस, म्हणजे जखम भरल्यावरही जळत राहणारं नसांचं दुखणं, आहे असं सांगितलं आणि कमरेत नर्व्ह ब्लॉकचं इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांत आबांना दरदरून घाम फुटला, बीपी 84/50 झालं. सलाईन लावलं, पाय वर केले, आणखी एक इंजेक्शन दिलं. दोन तासांत 124/76 आलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. रात्री तीन वाजता ते लघवीला उठले आणि मोरीच्या उंबऱ्यावर कोसळले. उचलून खुर्चीत बसवलं, कांदा हुंगवला, तर पुन्हा डोळे फिरवले. कपाळाला तीन टाके पडले. याला आता बारा दिवस झाले. पण पाऊल तेव्हापासून बरंच शांत आहे, आठ महिन्यांनी त्यांनी पायमोजा घातला. दुसरं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात आहे. आत्याबाई म्हणतात, नस मारली, आता पाय लुळा पडेल आणि बीपीचं दुखणं कायमचं मागं लागलं. मेडिकलवाले म्हणतात, बीपीची गोळी बंदच करा. आबांना खरड छाटणीला बागेत जायचंय. काय करू? गोळ्या अशा: सकाळी टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 एकत्र असलेली. डायक्लोफिनॅक दोन वेळा, ती त्यांनी इंजेक्शननंतर आपणच सोडली. रात्री प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन.
– एक सून

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ अगदी शेवटची आहे, प्रोस्टेटच्या गोळीची. तिच्याकडे येतेच. पण आधी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही.

आबांच्या कपाळावर मार आहे आणि वय 67 आहे. या वयात डोक्याला मार लागल्यावर आत हळूहळू रक्त साचत जाऊ शकतं आणि त्याची लक्षणं दोन-तीन आठवड्यांनी, कधी महिन्यानंही दिसतात. टाके सुकले म्हणून निर्धास्त राहू नका. डोकेदुखी वाढत चालली, दिवसा झोप-झोप करू लागले, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला किंवा चालताना एकीकडे झोक जाऊ लागला, तर त्याच दिवशी मिरजेला किंवा सांगलीला नेऊन डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्या. म्हातारपण आहे, उन्हाचा त्रास आहे असं म्हणून घरी थांबू नका. दुसऱ्या सुईचा विचार त्यानंतर.

आता बीपी का उतरलं ते सांगते. मी भूलतज्ज्ञ म्हणून मिरजेत बरीच वर्षं काढली. ब्लॉकनंतर घाम फुटलेला माणूस आणि दारात उभी राहून हादरलेली घरची मंडळी, दोन्ही अनेकदा पाहिली आहेत. कारण कळलं की निम्मी भीती उतरते, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या बागेत ठिबक आहेच, तेच डोळ्यांसमोर आणा. मोटार तीच, पाणी तेवढंच, पण सगळ्या प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर उताराकडच्या वेलींखाली पाणी साचतं आणि चढावरच्या शेवटच्या ओळीत थेंब पडत नाही. शरीरात रक्तवाहिन्यांचे व्हॉल्व्ह आवळून धरायचं काम सिम्पथेटिक नावाच्या बारीक नसा करतात. आपण झोपलेले असतो तेव्हा त्यांना फारसं काम नसतं. उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त एकदम पोट-पायांकडे उतरतं, आणि डोकं कोरडं पडू नये म्हणून या नसा काही सेकंदांत खालच्या वाहिन्या आवळून घेतात. सीआरपीएसच्या दुखण्यात बऱ्याचदा याच नसांचं तंत्र बिघडलेलं असतं. म्हणून पाऊल कधी गार-निळं, कधी लालबुंद, कधी घामेजलेलं. असं जळतं दुखणं 1864 सालीच सायलस वेअर मिचेल या अमेरिकन डॉक्टरनं यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांमध्ये पाहून लिहून ठेवलं होतं. बंदुकीच्या गोळीची जखम भरली तरी आग काही थांबायची नाही. त्या माणसांना बाकीच्यांनी खोटारडे ठरवलं असेल, तसंच आबांनाही कुणी ‘हाड तर जुळलंय, मग नाटक कशाला’ म्हणालं असेल तर त्यांना सांगा, हे दुखणं खरं आहे.

कमरेतली सुई या नसा काही तासांपुरत्या बधीर करते. त्या बाजूचे व्हॉल्व्ह सैल पडतात, पायात रक्त खेळतं, पाऊल गरम होतं. ब्लॉक बरोबर जागी लागला हे आम्ही त्यावरूनच ओळखतो. म्हणजे पाऊल गरम होणं आणि बीपी उतरणं ही दोन्ही एकाच कारणानं झाली. मात्र एकाच बाजूच्या ब्लॉकनं बीपी सहसा थोडंच उतरतं, धडधाकट माणसाला कळतही नाही. वरचा आकडा 84 पर्यंत घसरायला आणखी कुणाची तरी साथ लागते. ती कुणाची, हे तुमच्या यादीत दिसतंय.

टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल करते. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढते. टॅम्सुलोसिन लघवीचा मार्ग मोकळा करण्यासाठी दिलेली असते, पण ती ज्या जातीची गोळी आहे ती जात रक्तवाहिन्यांचे व्हॉल्व्हही थोडे सैल करते, आणि उभं राहताना चक्कर येणं हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. म्हणजे दोन व्हॉल्व्ह आधीच अर्धे उघडे होते, तिसरा सुईनं उघडला. टाकीत पाणी तरी पुरेसं होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत काय होतं ते मला माहीत आहे. ‘उपाशी या’ म्हटलं की माणूस रात्री जेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. वर उन्हाळा, वर तासगाव-मिरज रस्ता. खरं तर भूलशास्त्रातला सर्वसाधारण नियम असा आहे की हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. पुढच्या वेळी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या. बीपीची सकाळची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही, हेही आदल्या दिवशीच विचारायचं. टेल्मिसार्टनसारखी गोळी अशा वेळी अनेक भूलतज्ज्ञ एक दिवस आधीपासून थांबवतात, काही जण थांबवत नाहीत. बीटा ब्लॉकर जातीच्या किंवा क्लोनिडिनसारख्या गोळ्या मात्र एकदम थांबवल्या तर बीपी उसळी मारतं. म्हणून हा निर्णय घरी किंवा दुकानाच्या काउंटरवर होऊ नये.

रात्री तीनचं पडणं वेगळं आहे, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं, कारण ते टळू शकलं असतं. त्या दिवशीच्या सुईचा जोर तोवर बराचसा ओसरलेला असणार, जरी या बारीक नसा पूर्ण भानावर यायला कधी जास्त वेळ लागतो. रात्री टॅम्सुलोसिन पोटात गेलेली. दिवसभर पाणी कमी. अंथरुणातून उठून तडक उभं राहणं, आणि उभ्यानं लघवी. लघवी करताना पुरुषांचं बीपी क्षणभर आणखी उतरतं, त्यानं चांगली तरणी माणसंही मोरीत कोसळतात. मग तुम्ही सगळ्यांनी मायेपोटी त्यांना उचलून खुर्चीत बसवलंत. तिथं चुकलं. मी दोष देत नाही, आपल्याकडे घरोघरी हेच करतात. भोवळ आलेल्या माणसाला जमिनीवर आडवंच ठेवायचं, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच करायचे, सदरा सैल करायचा, पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही. बसवलं की रक्त पुन्हा पायाकडे, आणि डोळे पुन्हा फिरले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. कांदा बाजूला ठेवा, पाय वर करा.

आता मेडिकलवाल्यांचं म्हणणं. त्यात तथ्याचा एक कण आहे, पण सल्ला चुकीचा आहे. कण असा की आठ महिने आबा वेदनेत होते. सतत दुखत असलं की तेच सिम्पथेटिक तंत्र शरीराला ताणून धरतं आणि बीपी चढं राहतं. शिवाय ते डायक्लोफिनॅक रोज दोन वेळा घेत होते. ही जात शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते आणि बीपीच्या गोळ्यांचा जोरही कमी करते. त्या चढ्या बीपीला पुरतील एवढ्या गोळ्या त्यांना चालू होत्या, असं समजायला जागा आहे. ब्लॉकनं दुखणं उतरलं, डायक्लोफिनॅक बंद झाली, बीपीच्या गोळ्या मात्र जशाच्या तशा राहिल्या. काल बेताचा होता तो डोस आज जास्त होऊ शकतो. दुखणं बरं झाल्यावर चक्कर येऊ लागली असं सांगणारे कितीतरी रुग्ण मी पाहिलेत, आणि दर वेळी घरचे म्हणत, ‘सुईनं बीपी बिघडवलं.’ बिघडवलं नव्हतं, बीपी आपल्या जागेवर येत होतं, गोळ्याच जुन्या मापाच्या राहिल्या होत्या. म्हणून डोस बदलावा लागेलही, पण आकडे पाहून आणि फिजिशियनकडून. दुखणं परत आलं तर बीपीही पुन्हा चढेल, तेव्हा गोळी अजिबातच बंद केलेली महागात पडते.

डायक्लोफिनॅकवरून आणखी एक. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं औषध आणि डायक्लोफिनॅक ही तीन एकत्र महिनोन् महिने पोटात जाणं मूत्रपिंडांना फार जड जातं, या वयात तर विशेषच. ही गोष्ट मला सुईपेक्षा जास्त काळजीची वाटते. याच आठवड्यात क्रिएटिनीन, सोडियम, पोटॅशियम तपासून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे, तासगावातही होईल. रिपोर्ट येईपर्यंत, आणि नंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय, डायक्लोफिनॅक पुन्हा सुरू करू नका. पाय दुखला तर काय घ्यायचं ते पेन क्लिनिकलाच विचारा.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा. तुम्ही लिहिलंय त्यावरून आबांना भुलीच्या औषधाचा ब्लॉक दिलेला दिसतो. तो उतरतो. नस ‘मारणं’ म्हणजे अल्कोहोल किंवा फिनॉल सोडणं, किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीनं जाळणं. ते वेगळं असतं, सहसा ब्लॉकचा उपयोग पाहूनच त्याचा विचार होतो आणि त्यासाठी वेगळी संमती घेतात. डिस्चार्ज कार्डावर कोणतं औषध किती दिलं ते लिहिलेलं असतं, वाचून दाखवा त्यांना. बारा दिवस आबा त्या पायावर चालताहेत, लुळा पडायचा असता तर असं झालं नसतं. आणि थोडा वेळ उतरून लगेच सावरलेल्या बीपीनं कायमचं बीपीचं दुखणं लागत नाही.

कार्ड हातात घेतलंत की नाडीचाही आकडा पाहा. बीपी उतरलं तेव्हा नाडी 50 च्या खाली गेली असेल तर त्यात सुईच्या धास्तीचा वाटा असू शकतो, धास्तीनं नाडी आणि बीपी दोन्ही मिळून कोसळतात. नाडी भरभर चालली असेल तर वाहिन्या सैल पडल्याची खूण. पुढच्या वेळी काय तयारी ठेवायची हे डॉक्टर त्यावरून ठरवतील.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे एकच गोष्ट नव्हे, म्हणून दुसऱ्या कुणाचा अनुभव आबांना लावू नका. मानेतल्या स्टेलेट गँग्लियन ब्लॉकनंतर पापणी खाली येते, आवाज बसतो, आणि बीपी कधी कधी उलट चढतं. मणक्यात स्टेरॉइड दिलं तर मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते, बीपीही थोडं वाढू शकतं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी पोटातल्या सीलिअॅक नसांचा ब्लॉक करतात, त्यात उभं राहताना बीपी उतरणं नेहमीचंच, दोन-तीन दिवस टिकतं, जुलाबही होतात. याच ब्लॉकनं मला माझा धडा शिकवला. कामाची सुरुवातीची वर्षं होती. एका गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी झोपल्या-झोपल्या बीपी पाहून घरी सोडलं. घरी गेल्यावर त्यांनी कडकडीत पाण्यानं आंघोळ केली आणि न्हाणीतच पडले. खुब्याचं हाड मोडलं. ज्या माणसाच्या हातात मोजके महिने होते, त्यातले दोन त्यांनी अंथरुणात काढले. मी त्यांना उभं करून बीपी पाहिलं नव्हतं, गरम पाण्याचं सांगितलं नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून उभं राहून बीपी घेतल्याशिवाय मी एकही माणूस घरी सोडला नाही, आणि सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, घरच्यांच्या हातात दिल्या.

आता दुसरी सुई. माझं मत: घ्यावी, पण पहिलीसारखी नाही. पाऊल शांत झालं, पायमोजा चढला, हे लहान नाही. या सुईनं सीआरपीएस कायमचा जातो असा भक्कम पुरावा नाही, हेही तुम्हाला माहीत असावं. सुई उसंत देते. त्या उसंतीत फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले व्यायाम करून, पाऊल जमिनीवर टेकवून, खडबडीत-मऊ कापड फिरवून पाय पुन्हा कामाला लावायचा असतो. त्या बारा दिवसांत आबांनी व्यायाम केला की नुसतीच विश्रांती घेतली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. व्यायाम होत नसेल तर सुया वाया जातील. त्याची घडी आधी बसवा.

अंतिम निर्णय त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांचा. त्यांच्याकडे जाताना गोळ्यांची नुसती यादी नको, घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या. प्रोस्टेटची गोळी पेन क्लिनिकला सांगितली होती का? माझी शंका आहे की नाही. ‘बीपीचं काय घेता’ असं विचारतात आणि आपण बीपीचंच सांगतो. आबांना चारचौघांत लघवीचा विषय काढायला संकोच वाटत असेल तर तुम्ही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तुम्ही लिहायला विसरला असाल, तर तीही. तीनचं पडणंही सांगा, क्लिनिकला ते बहुधा माहीतच नाही. आणि स्पष्ट विचारा: सुईआधी सलाईन लावाल का, औषधाचं प्रमाण कमी करता येईल का, उभं करून बीपी घेतल्यावरच सोडाल का, गाव लांब आहे तर एक रात्र ठेवून घ्याल का. असं विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. टॅम्सुलोसिन त्या रात्री घ्यायची की नाही हे ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांना आधीच फोन करून विचारा. परस्पर बंद केली तर लघवी तुंबून वेगळाच घोळ होईल.

सुई देताना आबांनी गप्प पडून राहायचं नाही. जिभेला मुंग्या, तोंडात लोखंडासारखी चव, कानात गुंजन असं काहीही वाटलं तर त्याच क्षणी बोलायचं. औषध रक्तात चालल्याची ती पहिली खूण असू शकते. घरी आल्यावर कंबर किंवा कूस वाढत्या जोरानं दुखू लागली आणि बीपी उतरतच गेलं, नाडी पळू लागली, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. धाप, छातीत दुखणं, अंगभर पुरळ-सूज, लघवी अडकणं, दोन्ही पाय उचलेनासे होणं, यातलं काही झालं तर लिंबू-मीठ-पाणी करत बसू नका, 108 ला फोन करा.

त्या रात्री आबांच्या खाटेखाली लघवीचं भांडं ठेवा. त्यांना लाज वाटेल. दोनच रात्रींचा प्रश्न आहे असं सांगा, आणि हे आत्याबाईंनीच सांगितलेलं बरं. उठायचंच झालं तर आधी खाटेवर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या हलवायच्या, कुणाचा तरी हात धरून उभं राहायचं, लघवी बसून करायची. मोरीत रात्रभर दिवा. दुसऱ्या दिवशी आंघोळ कोमट पाण्यानं, तीही बसून. बागेत मात्र दोन-तीन दिवस नको. छाटणी बघायचीच असेल तर बांधावर सावलीला खुर्ची टाकून बघू दे. ट्रॅक्टरवर चढायचं नाही, हे मी सांगितलं म्हणून सांगा.

आणि आजपासून एक वही करा. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळी घेण्याआधी आणि रात्री झोपताना, आबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. चक्कर आली तर लगेच झोपवा, आकड्यासाठी उभं धरून ठेवू नका. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरत असेल तर सुईच्या तारखेची वाट न बघता वही फिजिशियनला दाखवा, डोस तेव्हाच ठरेल. तसं नसेल तर सात दिवसांची वही, गोळ्यांची पिशवी आणि क्रिएटिनीनचा रिपोर्ट घेऊन मिरजेला जा. काय ठरलं ते मला कळवा. आबांच्या बागेची छाटणी कशी झाली तेही लिहा.